अमेरिकेतील मंदिरे आणि महाराष्ट्र मंडळांसाठी सुरक्षा अनुदान : अर्जाची तयारी कशी करावी

अमेरिकेत स्वतःची वास्तू असलेल्या मंदिराला किंवा महाराष्ट्र मंडळाला कॅमेरे, भक्कम दरवाजे, कुंपण यांसाठी दरवेळी देणगीदारांकडेच जावे लागते असे नाही. ‘नॉनप्रॉफिट सिक्युरिटी ग्रँट प्रोग्रॅम’ ही संघीय योजना नेमकी याच कामासाठी असून ५०१(सी)(३) गटातील, म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था तिला पात्र ठरतात. निधी ‘फेमा’ या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचा असला तरी अर्ज मात्र आपल्या राज्याने नेमलेल्या यंत्रणेकडे द्यावा लागतो. राज्याची मुदत फेमाच्या मुदतीच्या आधीच संपते, त्यामुळे घोषणा झाल्यावर कागद जमवू लागणाऱ्या संस्थेची धावपळ होते.

पहिले काम म्हणजे वास्तूची सुरक्षा तपासणी करून घेणे. ‘सीसा’ या संघीय संस्थेचे सल्लागार ती विनामूल्य करून देतात, आणि त्यांची वेळ मिळायला उशीर लागू शकतो हे गृहीत धरून आधीच विचारणा करावी.

अर्जाचा खरा कस ‘इन्व्हेस्टमेंट जस्टिफिकेशन’ म्हणजे खर्चाची गरज पटवून देणाऱ्या भागात लागतो. धोका, त्यासमोर उघडी पडणारी उणीव आणि मागितलेली वस्तू यांचा सांधा तेथे स्पष्ट दिसला पाहिजे. ‘परिसरात असुरक्षित वाटते’ अशा मोघम वाक्याला गुण मिळत नाहीत. त्याऐवजी, सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कमधील मेलव्हिल येथील स्वामिनारायण मंदिराच्या फलकाची विटंबना झाली, आपला फलकही रस्त्यालगत असून तेथे रात्री उजेड नाही आणि कॅमेरा पोहोचत नाही, म्हणून दिवे व दोन कॅमेरे हवेत, असे लिहावे. गणेशोत्सवात दर्शनाची रांग वाहनतळातून जात असेल आणि भरधाव गाडी तिच्यात घुसू शकत असेल, तर बोलार्डची (गाड्या अडवणाऱ्या भक्कम खांबांची) मागणी त्या जागेच्या नकाशासह करावी. आपल्याच संस्थेला धमकी आली असल्यास पोलिसांकडील नोंद अवश्य जोडावी. पुष्कळ समित्या ‘उगाच बोभाटा नको’ म्हणून तक्रारच करत नाहीत आणि अर्जाच्या वेळी हात रिकामे राहतात.

२०२४ च्या फेरीत एका वास्तूसाठी कमाल २ लाख डॉलर मागता येत होते आणि प्रत्येक वास्तूसाठी स्वतंत्र प्रस्ताव आवश्यक होता. मर्यादा बदलत असल्याने त्या वर्षीची सूचनाच प्रमाण मानावी.

खजिनदारांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. संस्थेला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नसला, तरी ही रक्कम साधारणपणे परताव्याच्या स्वरूपात येते; म्हणजे आधी खर्च संस्थेने करायचा आणि पावत्या सादर केल्यावर पैसे मिळायचे. तेवढी रोकड हाताशी नसेल, तर कामाचे टप्पे पाडावेत. मंजुरीपूर्वी केलेल्या खरेदीवर परताव्याची भिस्त ठेवू नये. मंजुरीनंतरही भिंतीला भोक पाडण्यापूर्वी किंवा जमीन खणण्यापूर्वी पर्यावरण व वारसा जतनविषयक परवानगी हाती यावी लागते. ती येण्याआधी कंत्राटदाराने काम सुरू केले, तर त्या कामाचा परतावा नाकारला जाऊ शकतो.