भुंगेऱ्यांचं वय ओळखताना या चुका टाळा

चिकोडीकडे उसाच्या रानात पाचट उचललं की काळे, चपळ भुंगेरे चारी दिशांना पळतात. हे कॅराबिड भुंगेरे, बहुतेक शिकारी. त्यांच्या अळ्याही मातीत राहून इतर किडे खातात, आणि आपण हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, समजून त्याच चिरडतो. हुमणी पांढरट, गुबगुबीत, अर्धगोल वळलेली असते. कॅराबिडची अळी सरळ, लांबट, जबडे पुढे आलेले, शेपटाला दोन काटे; उघडी पडली की लगेच पळते.

खरा घोळ वयाचा. छोटा भुंगेरा म्हणजे पिल्लू, असं विद्यार्थ्यांच्या वहीत दिसलं की मला फार वाईट वाटतं. कोषातून बाहेर पडलेला भुंगेरा पुढे वाढतच नाही. एकाच जातीतला छोटा बहुधा अळीपणी उपाशी राहिलेला असतो. पाठीचं कवच मऊ, फिकट असेल तर तो नुकताच बाहेर आलाय. हे रानातच बघून नोंदवा, बाटलीतल्या नमुन्यावर विसंबू नका. जबडे बोथट झालेला जुना, हे खरं. पण माती आणि खाद्य बदललं की झीजही बदलते. खानापूरच्या तांबड्या मातीतले जबडे चिकोडीच्या काळ्या रानातल्यांशी ताडून पाहू नका.

मादीचं पोट उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आत पक्व अंडी असली तर वीण चालू आहे. अंडनलिकांच्या, म्हणजे अंडी तयार होतात त्या नळ्यांच्या, बुडाशी पिवळसर डाग दिसले तर तिने आधीच अंडी घातली आहेत. कित्येक जातींच्या माद्या एकाहून जास्त हंगाम जगतात, म्हणून भुंगेरे पडावेत म्हणून मातीत पुरलेल्या एकाच डब्यात दोन वर्षांच्या माद्या सापडतात. त्या वेगळ्या न मोजता यंदाची पैदास सांगितली, तर आकडा चुकतोच. डब्यात फॉर्मेलिन हे नमुने टिकवायचं रसायन नको, आतले अवयव ताठरतात.

डब्यातल्या संख्येला रानातली संख्या समजू नका. विणीच्या दिवसांत भुंगेरे जास्त फिरतात, म्हणून जास्त पडतात.

वसंतात विणणारे आणि शरदात विणणारे ही वर्गवारी कीटकशास्त्रज्ञ लार्सन यांनी १९३९ मध्ये डेन्मार्कच्या भुंगेऱ्यांवरून मांडली. तिकडे ऋतू थंडी ठरवते, आपल्याकडे पाऊस. वळीव, मृग, परतीचा पाऊस अशा नोंदी ठेवा आणि डबे उन्हाळ्यातही, बाराही महिने पुरलेले असू द्या. नुसता पावसाळा मोजून वीण कधी सुरू झाली ते सांगता येत नाही.

डबा पावसाने भरत असेल तर सरीत न पुरता बांधावर पुरा, आणि वर तीन दगडांवर पत्रा ठेवा, खालून भुंगेऱ्याला वाट राहील इतका उंच.