आंबा-डाळिंबाच्या निर्यातीत या चुका टाळा

मार्च उजाडला की पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात निर्यातीत नव्याने उतरलेले बागायतदार भेटतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, की अमुक देशात आयात शुल्क किती लागते. प्रश्न रास्त आहे, पण तो पहिला असू नये. युरोपीय संघ ताज्या आंब्यावर आयात शुल्क आकारत नाही. तरीही त्याच संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली होती. भारतातून गेलेल्या फळे-भाजीपाल्याच्या 207 खेपांमध्ये 2013 साली फळमाशी आणि इतर किडी आढळल्या, आणि त्यामुळे आंब्याबरोबर कारले, पडवळ, वांगे व अळूची पाने यांवरही बंदी आली. आंब्यावरील बंदी 2015 च्या हंगामाआधी उठली, ती पॅकहाऊसमधील (फळे निवडून खोक्यांत भरण्याच्या केंद्रातील) प्रक्रिया आणि तपासणी सुधारल्यावरच. शुल्क हा खर्चाचा भाग असून तो आधी हिशेबात धरता येतो. बंदरावर फळात अळी सापडली तर संपूर्ण खेप हातची जाते. म्हणून पहिला प्रश्न असा हवा, की त्या देशाला कोणत्या किडीची भीती आहे आणि तिच्यासाठी त्याने कोणती प्रक्रिया मान्य केली आहे.

येथेच सर्वांत महागडी चूक होते, ती म्हणजे एका देशासाठी प्रक्रिया केलेला माल दुसरीकडे वळवणे. अमेरिकेने 2007 मध्ये भारतीय आंब्याला प्रवेश दिला तो विकिरणाच्या, म्हणजे किडीचा बंदोबस्त करण्यासाठी फळावर किरणांचा मारा करण्याच्या, अटीवर (मात्रा किमान 400 ग्रे; ग्रे हे त्या मात्रेचे एकक), आणि ही प्रक्रिया वाशी किंवा लासलगावसारख्या मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. जपानने फळमाशीमुळे 1986 मध्ये घातलेली बंदी 2006 मध्ये उठवली, पण तेथे उष्ण बाष्प प्रक्रिया (गरम, दमट वाफेने फळ तापवणे) लागते आणि तिच्यात गराचे तापमान 47.5 अंश सेल्सियसला 20 मिनिटे राहावे लागते. युरोपकडे जाणारा आंबा सामान्यतः 48 अंशांच्या गरम पाण्यात 60 मिनिटे ठेवला जातो. अमेरिकेतील खरेदीदाराने ऐन वेळी नकार दिला म्हणून विकिरण केलेला आंबा युरोपला पाठवू, असा विचार कोणी करत असेल तर तो तेथेच सोडावा. युरोपीय संघात विकिरणाची सर्वमान्य परवानगी केवळ वाळवलेल्या वनस्पती आणि मसाल्यांपुरती आहे, आणि ताज्या फळासाठी तो मार्ग व्यवहारात बंदच समजावा.

गरम पाण्याच्या प्रक्रियेविषयी आणखी एक गैरसमज आवर्जून दूर केला पाहिजे. करपा रोखण्यासाठी आंबा काही मिनिटे गरम पाण्यात बुडवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, परंतु तिने फळमाशीची अट पूर्ण होत नाही, कारण त्या अल्प वेळात उष्णता कोयीजवळच्या गरापर्यंत पोहोचत नाही. प्रक्रियेनंतर साल भाजल्यासारखी दिसत असेल, तर फळ कोवळे काढले होते का आणि टाकीत लहान-मोठी फळे एकत्र गेली होती का, हे आधी तपासावे. मोठ्या फळाचा गर उशिरा तापतो, म्हणून वजनानुसार प्रतवारी प्रक्रियेपूर्वीच व्हायला हवी. वेळ कमी करून साल वाचवणे हा उपाय नाही. तशी खेप फळमाशीसकट रवाना होण्याचा धोका असतो.

कागदपत्रांकडे दुय्यम काम म्हणून पाहिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात चांगले फळ वाया जाते. मे 2025 मध्ये भारतीय आंब्याच्या 15 खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर नाकारल्या गेल्या, आणि त्यामागे कीड नव्हती, तर विकिरणाशी संबंधित दस्तऐवजातील त्रुटी होती. माल परत आणणे किंवा नष्ट करणे एवढेच पर्याय उरले, आणि विमानभाडे पाहता निर्यातदारांना तो नष्ट करणेच पत्करावे लागले. म्हणून प्रक्रिया केंद्रातून गाडी निघण्यापूर्वी लॉट क्रमांक, खोक्यांची संख्या, निव्वळ वजन, प्रक्रियेची तारीख आणि निर्यातदाराचे नाव ही प्रत्येक नोंद इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) यांच्याशी शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहावी. हे काम दोघांनी करावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने तपासावे.

पुरंदरच्या सीताफळ-उत्पादकांना हे विशेषतः सांगावेसे वाटते, की 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात जवळजवळ प्रत्येक ताज्या फळासाठी फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र बंधनकारक आहे. त्यातून सूट आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचच फळांना. ब्रिटनचे नियम आता वेगळे आहेत, त्यामुळे लंडनच्या खरेदीदाराने दिलेली माहिती युरोपीय संघातील रॉटरडॅम बंदरासाठी वापरू नये.

डाळिंबाच्या बाबतीत अडचण बहुधा कीटकनाशकांच्या अवशेषांची असते. ज्या औषधासाठी युरोपीय संघाने स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागू होते. आपल्याकडे सर्रास फवारले गेलेले क्लोरपायरिफॉस 2020 मध्ये तेथे अमान्य झाले आणि त्यालाही हीच मर्यादा लागू झाली. बाटलीवर छापलेला काढणीपूर्व प्रतीक्षेचा काळ भारतातील मर्यादेसाठी असतो. तो पाळला म्हणून युरोपची मर्यादा पाळली गेली असे होत नाही. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात अवशेषांची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, आणि निर्यातीचा नमुना अधिकृत प्रयोगशाळेतच तपासून घ्यावा. शेजारच्या प्लॉटचा अहवाल आपल्या मालाला जोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण नोंदणीकृत बागेपासून खोक्यापर्यंतचा माग तपासला जातो.

खोकी रचण्याच्या लाकडी पॅलेटवर (चौकटीवर) लाकूड कीडमुक्त केल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल तर निर्दोष फळही अडते. नेहमीच्या उष्णता प्रक्रियेत लाकडाचा गाभा 56 अंशांवर 30 मिनिटे तापवलेला असावा लागतो.

खेप अडलीच, तर एजंटाच्या फोनवरील सांगण्यावर न थांबता नकाराची लेखी सूचना त्याच दिवशी मागवावी, कारण कीड, अवशेष आणि कागदपत्रे या तिन्ही कारणांचे उपाय वेगळे आहेत. कागदातील चूक काही वेळा सुधारित प्रमाणपत्राने सुटू शकते, पण ते मूळ प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याकडूनच मिळवावे लागते, स्वतः खाडाखोड करून नव्हे. कारण हाती येईपर्यंत त्याच बागेतील आणि त्याच पॅकहाऊसमधील पुढची गाडी रोखून धरावी.