गुडघा किंवा खुबा दुखतोय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखायला लागलं की चालणं सोडून बसून राहणं. "गुडघ्यातली गादी (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) झिजलीये, आता गुडघा जपूनच वापरायचा" असं लोकं ठरवूनच टाकतात, आणि मग मांडीचा पुढचा स्नायू, जो गुडघ्याला सांभाळतो, तोच ढिला पडतो, सगळा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि माणूस अजूनच बसतो. झिजेच्या दुखण्यात व्यायाम हा मुख्य उपचार आहे, गोळ्या नंतर. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाचेक सेकंद धरायचा, हळूच खाली. रोज करायचं. थोडं दुखलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल किंवा सूज आली तर प्रमाण कमी करा, पण बंद नका करू प्लीज. वजन जास्त असेल तर तेही बघा, कारण 1 किलो उतरलं तरी चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने हलका होतो.

दुसरी चूक फार कमी लोकांना माहिती असते. खुब्याचं दुखणं जांघेत जाणवतं, आणि कधीकधी तर थेट गुडघ्यातच! म्हणजे महिनोन्‌महिने गुडघ्याला तेल, पट्टा, शेक सगळं चालू आणि बिघाड मात्र वर. गुडघ्याचा एक्स-रे ठीक आहे पण मोजे घालताना त्रास होतोय, पाय आत वळवला की कळ येते, असं असेल तर डॉक्टरांना खुबा तपासायला सांगाच. त्यात स्टेरॉइड बरेच दिवस घेतलेत किंवा दारू जास्त आहे, तर खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो, सुरुवातीला ते एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

गुडघ्याचा एक्स-रे शक्यतो उभं राहूनच काढून घ्या, झोपून काढला की सांध्यातली फट आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते, म्हणजे झीज कमी वाटते.

पेनकिलर मनाने रोज घेऊ नका, किडनी आणि पोट दोन्हीला धोका असतो. काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरतात बरेच जण, ती उलट्या हातात हवी, उजवा पाय दुखतोय तर डाव्या हातात, भार खरंच कमी होतो.

ऑपरेशन करून गुडघा बदललाय? मग बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू नका, पाय वाकलेलाच आखडतो आणि नंतर सरळ करताना फार त्रास होतो.

आणि सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला झाला, सोबत ताप आला, तर घरी शेकत बसू नका, आत इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. वयस्कर माणूस पडलं आणि पाय आखूड, बाहेर वळलेला दिसतोय तर उभं करून चालवून बघू नका, खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता मोठी असते.