४७ टक्क्यांवर अडकलेला फोन

जुन्या फोनचे अपडेट कधीच बंद झाले होते, म्हणून लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत सिस्टिम टाकायला घेतली. बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जातो. फोटो आधीच काढून ठेवले होते, नशीब. एडीबी साइडलोड, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनमध्ये सिस्टिमची फाइल पाठवणं, ४७ टक्क्यांवर थांबलं आणि खाली ओळ आली: ‘फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस’. पास की नापास, एकदाच काय ते सांग ना बाबा! फाइल मात्र नीट गेली होती.

खरी चूक माझीच. ‘फॉरमॅट डेटा’ (डेटाची जागा नव्याने कोरी करणं) न करताच रीबूट केलं आणि लोगो तासभर फिरत राहिला. अनलॉकनंतर जुन्या सिस्टिमने पुन्हा एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद केलेला डेटा नवीला वाचता येईना. रिकव्हरीत, म्हणजे फोनच्या दुरुस्तीच्या मेनूत, परत जाऊन फॉरमॅट केलं, पाच मिनिटांत फोन उठला. बँकेचं ॲप तेवढं अजून रुसलेलं आहे.