सात दुःखांची माळ कशी म्हणायची, आणि मन जड असताना कुठून सुरवात करायची

दुःखी मातेची, म्हणजे येशूच्या आईची, मरियेची माळ ही तिच्या आयुष्यातली सात दुःखं आठवत मण्यांवर म्हणायची प्रार्थना आहे, ती नेहमीच्या रोजरीपेक्षा (मरियेच्या जपमाळेपेक्षा) वेगळी असते, यात दहा-दहाचे पाच गट नसून सात-सातचे सात गट असतात, प्रत्येक गटाआधी एकदा "आमच्या स्वर्गातील पित्या" ही प्रार्थना आणि मग सात वेळा "नमो मरिया" ही प्रार्थना, आणि शेवटी मातेच्या अश्रूंसाठी अजून तीन नमो मरिया. काही जण ह्या तीन सुरवातीलाच म्हणतात, दोन्ही चालतं. खास माळ मिळाली नाही म्हणून अडून बसू नका, साध्या रोजरीतल्या दहा मण्यांपैकी सात घ्यायचे आणि तीन सोडायचे, नाहीतर सरळ बोटांवर मोजायचं. सगळं शांतपणे म्हणायला अर्धा तास धरा.

पण मन खूपच जड असेल, घरात कोणी गेलंय, आजारपण चाललंय, मुलाची काळजी खातेय, तर पहिल्याच दिवशी अख्खी माळ म्हणायला जाऊ नका. सातांपैकी एकच दुःख निवडा, जे तुमच्या दुःखाच्या सगळ्यात जवळ आहे ते, आणि तेवढंच म्हणा. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, तो भाग आधी वाचा (पुढे कंसात पुस्तकाचं नाव आणि अध्याय दिलाय), मग मातेला तुमचं नेमकं दुःख नाव घेऊन सांगा, "माझ्या अडचणी" असं मोघम नको, "माझ्या मुलाचं पिणं", "माझा रिपोर्ट" असं स्पष्ट, आणि मगच मणी हातात घ्या. याने काय होतं तर प्रार्थना नुसती तोंडातून जात नाही.

आता सात दुःखं. पहिलं म्हणजे मंदिरात म्हाताऱ्या शिमोनाचं भाकीत, की तुझ्या जिवातून तलवार जाईल (लूक 2). ज्यांना पुढे काय वाढून ठेवलंय या भीतीने झोप लागत नाही, डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि आता वाट बघायची आहे, त्यांच्यासाठी हे.

दुसरं, इजिप्तला पळून जाणं (मत्तय 2). इथे जरा थांबतो कारण ह्या भक्तीचा सगळ्यात चुकीचा वापर इथेच होतो. मार खाणाऱ्या बाईला लोक सांगतात, मातेने सोसलं तू पण सोस. पण मत्तय काय सांगतो ते बघा ना, हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठला तेव्हा मरियेचा नवरा योसेफ त्याच रात्री उठला, आई आणि बाळाला घेतलं आणि देश सोडून निघून गेला, आणि हे देवदूताने सांगितलं म्हणून केलं, म्हणजे धोक्यातून बाहेर पडणं ही देवाचीच आज्ञा होती. तेव्हा घरात कोणी हात उचलत असेल तर ह्या दुःखावर प्रार्थना करा आणि बाहेर पडायला मदतही मागा. तसंच महिनोन्‌महिने काळोख वाटत असेल, जगणंच नको वाटत असेल तर जवळच्या माणसाला आजच सांगा आणि डॉक्टरांकडे जा, माळ त्याच्याऐवजी नाही, त्याच्यासोबत.

तिसरं, बारा वर्षांचा येशू यरुशलेमात हरवला आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडला (लूक 2). सापडल्यावर मरिया गप्प नाही बसली, तिने विचारलं की मुला, तू आमच्याशी असं का वागलास, तुझा बाप आणि मी कष्टी होऊन तुला शोधत होतो. आणि उत्तर मिळालं ते त्यांना समजलं नाही, असं लूक स्वतः लिहितो. म्हणून देवाला "का?" विचारताना पाप लागेल अशी भीती बाळगू नका, तिने विचारलंय, आणि उत्तर न कळूनही ती त्याच्यासोबतच राहिली. मला विचाराल तर श्रद्धा डळमळलेल्या माणसाने सातांतून हेच आधी घ्यावं.

चौथं, क्रूस घेऊन जाणाऱ्या येशूची वाटेत भेट. हे शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, परंपरेतून आलंय, क्रुसाची वाट म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासावरची जी टप्प्याटप्प्याची प्रार्थना, तिच्यातलं चौथं स्थान हेच. तिला क्रूस उचलता आला नाही, फक्त समोर येता आलं. पेशंटच्या उशाशी बसणाऱ्यांना हे वेगळं समजवायला लागत नाही.

पाचवं, क्रुसाजवळ (योहान 19). ती तिथे उभी होती. येशूने मरता मरता शिष्याला सांगितलं ही तुझी आई, आणि तेव्हापासून त्याने तिला आपल्या घरी नेलं. म्हणजे तिचं दुःख गेलं नाही पण तिला एक माणूस आणि एक घर मिळालं, तिनेही ते घेतलं, मला कोणी नको असं म्हटलं नाही. आशा आपल्याकडे बहुतेक वेळा अशीच येते असं मला वाटतं, माणसाच्या रूपात, त्यामुळे कोणी जेवण घेऊन आलं, सोबत बसायला आलं तर नाही म्हणू नका.

सहावं, मुलाचा देह तिच्या मांडीवर, आणि सातवं, कबर. अपत्य गेलेल्या आईवडिलांनी इथे शब्द नाही म्हटले तरी चालेल, मणी हातात धरून बसलात तरी ती प्रार्थनाच. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, ही माळ कबरीपाशी संपते, पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मेलेल्यांतून उठणं, हे सातांमध्ये नाहीच. म्हणून शेवटचा मणी झाल्यावर जबरदस्तीने बरं वाटून घ्यायची गरज नाही. ईस्टरच्या आधी एक पूर्ण शनिवार आहे, त्या दिवशी शिष्य विखुरलेले होते आणि मातेने विश्वास धरून ठेवला असं चर्च मानतं, शनिवार मातेचा वार आहे तो यामुळेही. पुनरुत्थान झालं, आपल्यासाठीही होणार, हे मी मनापासून मानतो, पण शनिवार वगळून तिथे जाता येत नाही.

ही भक्ती सुखात असलेल्या लोकांनी वाढवली असं समजू नका. 1233 मध्ये फ्लोरेन्सच्या सात जणांनी घरदार सोडून सर्वाइट हा धर्मसंघ सुरू केला आणि त्यांनी ती रुजवली, आणि दुःखी मातेचा सण 1814 मध्ये सगळ्या चर्चला देणारे पोप पायस सातवे त्याच वर्षी नेपोलियनच्या कैदेतून सुटून रोमला परतले होते. रवांडातल्या किबेहोमध्ये 1981 ला सुरू झालेल्या मातेच्या दर्शनांत मारी क्लेअर ह्या मुलीला हीच माळ लोकांना शिकवायला सांगितलं गेलं, पुढे 1994 चा नरसंहार झाला, 1995 मध्ये ती स्वतःही मारली गेली, आणि 2001 मध्ये तिथल्या बिशपांनी त्या दर्शनांना मान्यता दिली.

दुसऱ्यासाठी म्हणत असाल तर त्याच्या घरी जाऊन म्हणा, पण "देवाची इच्छा" वगैरे काही समजवायला जाऊ नका, चौथ्या दुःखात मरियाही काही बोललेली नाही. तिथे एकाने वाचावं, प्रत्येक दुःखानंतर मिनिटभर शांत रहावं आणि रडणाऱ्याला रडू द्यावं.

तारीख हवी असेल तर दुःखी मातेचा सण 15 सप्टेंबरला असतो, पवित्र क्रुसाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी. मातेच्या जन्माच्या सणाला म्हणजे 8 तारखेला पहिलं दुःख घेतलंत आणि रोज एक केलंत तर 14 ला क्रुसाच्या सणादिवशी सातवं येतं, मग 15 ला मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि पूर्ण माळ. मध्ये एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्या.