घरदुरुस्तीसाठी टॉप-अप कर्ज नाकारलं? पुन्हा अर्ज करण्याआधी या चुका टाळा

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधली बाथरूमची गळती खालच्या काकूंच्या ओट्यावर उतरली, तेव्हा आम्ही दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. गृहकर्जाचा चार वर्षांत एकही हप्ता चुकला नव्हता, टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर मिळणारं वाढीव कर्ज, घ्या म्हणून बँकेचे मेसेज येत होते, म्हणजे पैसे मिळणारच असं धरून चाललो. टाईल्स, पाइप, फरशी सगळं उखडलं आणि मग बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, आला. त्याच्या अहवालात फोटो गेले ते डेब्रिजच्या गोण्यांचे. आठ लाखांचा अर्ज नामंजूर झाला आणि सव्वा महिना आम्ही शेजाऱ्यांचं बाथरूम वापरलं.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: मंजुरीपत्र हातात पडेपर्यंत घरात हातोडा लावू नका. ‘प्री-अप्रूव्हड’ असा मेसेज म्हणजे मंजुरी नव्हे. तो तुमच्या हप्त्यांच्या नोंदीवरून आपोआप निघतो. घर, कागद आणि उत्पन्न यांची तपासणी त्यानंतर होते आणि बहुतेक नकार तिथेच येतात.

कारण न विचारता परत येणं

‘पॉलिसीत बसत नाही’ एवढं ऐकून आपण उठतो, कारण नकार अपमानासारखा लागतो. मला लागला होता. पण बसून राहा आणि कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, कर्ज कितीही रकमेचं असो, अर्ज नाकारला तर त्याची मुख्य कारणं बँकेनं लेखी कळवायची असतात. शाखेत साधा अर्ज द्या, पोच घ्या. अडचण घराच्या किमतीत आहे, कागदांत आहे, पगारात आहे की क्रेडिट रिपोर्टमध्ये (तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, त्यावरून निघणाऱ्या स्कोअरसह), हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकण्यात अर्थ नाही. या चारही अडचणींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

रागाच्या भरात चार ठिकाणी अर्ज

एका बँकेनं नाकारलं की त्याच आठवड्यात दुसरी बँक, एखादी फायनान्स कंपनी, शिवाय मोबाइलवरचं एखादं ॲप. प्रत्येक अर्जागणिक तुमच्या रिपोर्टमध्ये चौकशीची नोंद होते. थोड्या दिवसांत अशा नोंदी साचल्या की स्कोअर उतरतो आणि पुढच्या बँकेला वाटतं, या माणसाला पैशांची फार नड आहे. कारण दुरुस्त होईपर्यंत थांबा.

‘इतकी वर्षं हप्ते भरले, कर्ज बरंच फिटलं असेल’

हा गैरसमज मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते, म्हणून इथे हिशेब मांडते. समजा ३८ लाखांचं कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ३३ हजार. चार वर्षांत तुम्ही पावणेसोळा लाखांच्या वर रक्कम भरता, पण मुद्दल कमी होतं जेमतेम साडेतीन लाखांनी. बाकी शिल्लक राहते साडेचौतीस लाखांच्या आसपास. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो.

आता दुसरी बाजू. रिझर्व्ह बँकेनं गृहकर्जाला घराच्या किमतीच्या प्रमाणात मर्यादा घातली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के. टॉप-अपच्या वेळी बँका बहुधा याहून हात आखडता घेतात. बँकेच्या व्हॅल्युअरनं घर ५० लाखांचं ठरवलं आणि बँक एकूण ७५ टक्क्यांवर थांबली, तर मर्यादा साडेसदतीस लाख. त्यातून शिल्लक वजा केली की हाती उरतात तीन लाख. अशा वेळी दहा लाखांचा अर्ज टाकला तर नकार ठरलेलाच. इथे किंमत म्हणजे बँकेच्या व्हॅल्युअरची किंमत. शेजारचा फ्लॅट केवढ्याला गेला असं एजंट सांगतो, तो आकडा इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा पुष्कळ बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. त्या काळात मुद्दल फारसं हललंच नाही. अर्ज करण्यापूर्वी कर्जाचा ताजा उतारा काढा, शिल्लक आणि उरलेली मुदत पाहा, आणि मागाल ती रक्कम त्यावरून ठरवा.

घराच्या कागदांकडे ‘एकदा कर्ज झालंय ना’ म्हणून दुर्लक्ष

पहिलं कर्ज झालं तेव्हा चाललेले कागद आज चालतील असं नाही. आपल्याकडे नकार जिथे हमखास येतात त्या जागा सांगते.

इमारतीचं वय. कर्जाची मुदत संपेपर्यंत इमारत टिकेल का, हे बँक पाहते. तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट विचारतात. सोसायटीनं ते केलं नसेल तर तुमचा अर्ज कितीही चांगला असला तरी अडकतो. आणि सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झाला असेल तर जी भिंत पडणार तिच्या रंगासाठी बँक पैसे देत नाही. ते बरोबरही आहे. अशा घरात मोठा खर्च तुम्हीही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद केलेली बाल्कनी आणि वाढवलेलं बांधकाम. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष घर यांत फरक दिसला की व्हॅल्युअर तसं लिहितो. टेरेसवर पत्रा टाकून केलेली खोली तर मोजलीच जात नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारती, आणि गुंठेवारीतली नियमित न झालेली घरं, यांना अडचण आणखी मोठी.

मालकी. घर वडिलांच्या नावावर, ते गेले, हप्ते मुलगा भरतो, पण शेअर सर्टिफिकेटवर नाव अजून त्यांचंच. अशा घरावर वाढीव कर्ज मिळत नाही. सोसायटीत नॉमिनी असणं म्हणजे मालक होणं नव्हे, आधी वारसांचे कागद पुरे करावे लागतात. सहमालक असतील तर सगळ्यांच्या सह्या लागतात. बहीण परदेशात असेल तर मुखत्यारपत्राला वेळ जातो, ते आधीच करून ठेवा. सोसायटीची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्रही लागतं आणि मेंटेनन्स थकलेला असेल तर ते रखडतं.

पगारातून काय उरतं ते न मोजणं

बँक हातात येणारा पगार बघते आणि सगळे हप्ते मिळून साधारण निम्म्यापर्यंत चालवून घेते. सत्तर हजार पगार, तेहतीस हजारांचा घराचा हप्ता, वर गाडीचा नऊ हजारांचा. इथे नव्या हप्त्याला जागाच नाही. गाडीचे सहा-सात हप्ते उरले असतील तर ते संपेपर्यंत थांबणं, किंवा कमावत्या जोडीदाराला सहअर्जदार करणं, हे दोन उपाय खरोखर लागू पडतात. मोबाइल आणि फ्रिजचे ‘नो कॉस्ट’ हप्तेही इथे मोजले जातात.

क्रेडिट रिपोर्ट न पाहताच अर्ज

देशात चार क्रेडिट संस्था आहेत: सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो स्वतः मागवला तर स्कोअरला धक्का लागत नाही. नुसता आकडा पाहू नका, आतल्या ओळी वाचा. कधीकाळी क्रेडिट कार्डची थकबाकी तडजोडीनं मिटवली असेल तर तिथे ‘सेटल्ड’ असं लिहिलेलं असतं आणि ते बँकेच्या डोळ्यात खुपतं. मेहुण्याच्या ट्रॅक्टरला तुम्ही जामीन राहिला असाल तर ते कर्जही तुमच्या रिपोर्टमध्ये दिसतं. त्यानं हप्ते थकवले तर त्याची झळ तुम्हाला लागते. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. ती ३० दिवसांत सोडवली गेली पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

‘घराच्या कामाला’ एवढंच लिहिणं

ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीरपणे सांगितलं की काही ठिकाणी टॉप-अप देताना मर्यादा आणि पैशाचा वापर यांवर लक्ष ठेवलं जात नाही. त्यामुळे पैसे कुठे जाणार हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच. इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडून सहीशिक्क्याचं अंदाजपत्रक घ्या: वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, टाईल्स, वायरिंग, ओटा, प्रत्येकाचं माप आणि दर. सोफा, पलंग, एसी त्यात घालू नका. दुरुस्ती कर्जात सुटं फर्निचर सहसा धरत नाहीत आणि त्यामुळे अख्खं अंदाजपत्रक संशयास्पद वाटतं.

नकार मिळाला म्हणून पर्सनल लोन

आठ लाख रुपये नऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी मिळाले तर हप्ता साधारण १०,१०० रुपये. तेच पर्सनल लोननं चौदा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर १८,६०० रुपये. पहिला हप्ता बसत नाही म्हणून बँकेनं नाकारलं असेल, तर दुसरा घराला अजिबात झेपणार नाही. त्यापेक्षा काम तोडा. गळती आणि वायरिंग आधी, मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग नंतर.

आणि गळतीचंच काम असेल तर कर्जाच्या आधी सोसायटीची उपविधी, म्हणजे नियमावली, उघडा. आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती, गच्चीची गळती, बाहेरच्या सामाईक पाइप आणि ड्रेनेजची गळती हा सोसायटीचा खर्च आहे. सदस्याच्या अंगावर येते ती त्याच्या घरातल्या संडास, बाथरूम, सिंकची. आमच्याकडे अर्धा ओलावा बाहेरच्या सामाईक पाइपचा निघाला. हे आम्हाला कळलं ते नकारानंतर, प्लंबरनं भिंत बाहेरून तपासली तेव्हा. फोटोंसह सेक्रेटरींना पत्र दिलं, तो भाग सोसायटीनं केला. आमच्या वाट्याला उरलं तेवढ्या खर्चासाठी आठ लाख लागलेच नाहीत. अडीच लाखांत काम झालं, आणि तेवढ्या रकमेचा अर्ज त्याच बँकेनं पुढे मंजूर केला.