नेस्टेड रेकॉर्डमधलं एकच फील्ड बदलायचं असेल तेव्हा

नव्याने कामाला लागलेल्यांचा कोड तपासायला येतो तेव्हा मी आधी अपडेटच्या क्वेरी शोधते. इन्सर्ट फसला तर सहसा एरर येतो. अपडेटने शेजारचा डेटा पुसला तर काहीच बोंब होत नाही, क्वेरी यशस्वी झाल्याचंच दिसतं.

मोंगोडीबी या डेटाबेसचं बघा. ग्राहकाच्या डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे रेकॉर्डमध्ये, ‘पत्ता’ आहे आणि त्यात गल्ली, शहर, पिनकोड. बदलायचाय फक्त पिनकोड. डॉलर-सेट ($set) या अपडेटच्या ऑपरेटरमध्ये ‘पत्ता’ ही की (फील्डचं नाव) देऊन आत एकटा पिनकोड असलेलं ऑब्जेक्ट पाठवलं, तर जुना पत्ता जाऊन त्या जागी हे नवं ऑब्जेक्ट बसतं. गल्ली आणि शहर गेलं. ‘पत्ता.पिनकोड’ असा टिंब देऊन मार्ग लिहिला, की तेवढंच फील्ड बदलतं.

फायरस्टोअर या गूगलच्या डेटाबेसमध्ये जास्त जपावं लागतं. तिथे सेट या फंक्शनला मर्जचा पर्याय दिला, तर आतला मॅपही (म्हणजे आतलं ऑब्जेक्टही) जुन्यात नीट मिसळला जातो. तोच मॅप टिंबाशिवाय अपडेट या फंक्शनला दिला, तर जुना मॅप पुसून नवा येतो. ऑब्जेक्ट तेच, फंक्शन बदललं की परिणाम उलटा.

पोस्टग्रेस डेटाबेसच्या जेसनबीमध्ये (जेसन साठवायच्या कॉलमच्या प्रकारात) दोन उभ्या रेघांचा (||) ऑपरेटर फक्त वरच्या पातळीवरच्या की जोडतो, आतलं ऑब्जेक्ट सरळ बदलून टाकतो. आतल्या फील्डसाठी ९.५ आवृत्तीपासून जेसनबी-सेट हे फंक्शन आहे. मात्र त्याला नवी किंमत म्हणून एसक्यूएलचा नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, गेला, तर उत्तरही नलच येतं आणि त्या ओळीतला अख्खा कॉलम रिकामा होतो. फॉर्ममधून येणाऱ्या किमतीला कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) लावल्याशिवाय मी असा कोड पुढे जाऊ देत नाही.

पुष्कळ जण आधी अख्खं रेकॉर्ड वाचतात, कोडमध्ये बदलतात आणि अख्खं परत लिहितात. एकटा माणूस वापरत असेल तोवर हे चालून जातं. पण मधल्या वेळात दुसऱ्या कुणी फोन नंबर बदलला असेल, तर तुमच्या हातातला जुना नंबर त्यावर बसतो. म्हणून बदललं तेवढंच पाठवा. अख्खं लिहिणं टळतच नसेल तर व्हर्जनचं फील्ड ठेवा, आणि वाचताना होतं तेच व्हर्जन अजून असेल तरच लिहा.

ॲरेमधल्या, म्हणजे यादीतल्या, घटकाला क्रमांकाने हात लावू नका, मध्ये एखादा घटक निघाला की क्रमांक सरकतात. मोंगोडीबीत ३.६ आवृत्तीपासून ॲरे-फिल्टर्स आहेत, ते वापरून घटक त्याच्या आयडीवरून शोधा.

टेस्टमध्ये पिनकोड बदलला का एवढंच बहुतेक जण बघतात. गल्ली आणि शहर जागेवर आहे का, तेही तपासा. शिवाय तुमच्या कोडला माहीत नसलेलं एखादं फील्ड, समजा ‘खूण’, टेस्टच्या पत्त्यात मुद्दाम घाला. अपडेटनंतर ते सापडलं नाही, तर तो कोड मुख्य कोडमध्ये मर्ज करू नका.